मानोऱ्याचा हमरस्ता आणि त्याचे फाटे

शेतांत पिकलेला माल जोंपर्यंत बाजारांत पोंचत नाहीं, तोंपर्यंत तो माल खरा, पण पैका नव्हे. शेत व बाजार यांमधील अंतर रस्ता तोडतो. असें असूनही बियाणें, खत व औषध यांविषयीं आपण जितकी चौकशी करतों, तितकी आपल्या शेताजवळून जाणाऱ्या रस्त्याविषयीं करीत नाहीं. रस्ता सरकारचा, त्याचें सरकार पाहून घेईल, अशी आपली समजूत असते. ही समजूत पुरी खरी नाहीं. हमरस्ता सरकारचा असला, तरी ज्या ठिकाणीं गांवचा किंवा शेताचा रस्ता त्यास मिळतो तो फाटा शेतकऱ्याच्या उपयोगाचा असतो, आणि त्याची काळजी शेतकऱ्यानें न घेतल्यास दुसरें कोणी घेत नाहीं.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. इंजिनियरी विद्या त्यास अवगत नाहीं. तेव्हां रस्ता बांधावा कसा हें सांगण्याचा आमचा अधिकार नव्हे. रस्ता कागदावर कसा असतो व तो शेतकऱ्यानें कसा वाचावा, एवढेंच येथें आपल्या मानोऱ्याच्या रस्त्याचें उदाहरण घेऊन सांगावयाचें आहे.

रस्त्याचा मार्ग

हा रस्ता अकोल्याहून निघून बार्शीटाकळी, महान व शेलूबाजार यांवरून मंगरूळपीरास येतो. तेथून तो मानोऱ्यास, मानोऱ्याहून दिग्रसास व दिग्रसाहून आर्णीस जातो. त्याचा एकंदर रोख वायव्येकडून आग्नेयेकडे आहे.

महान येथें काटेपूर्णा नदीवर धरण आहे. काटेपूर्णेचें पाणी पूर्णेवाटे तापीस व तापीवाटे पश्चिम समुद्रास जातें. मानोऱ्याची अरुणावती मात्र दिग्रस व आर्णीच्या बाजूनें पैनगंगेच्या खोऱ्यांत उतरते, व तिचें पाणी शेवटीं गोदावरीवाटे पूर्व समुद्रास मिळतें. म्हणजे महान व मानोरा यांच्या दरम्यान हा रस्ता दोन समुद्रांचें पाणी वेगळें करणारी उंच जमीन ओलांडतो. मानोऱ्याच्या पुढें आर्णीपर्यंत रस्ता व नदी यांचा रोख जवळजवळ एकच आहे. जेथें रस्ता नदीच्या बरोबरीनें चालतो, तेथें चढाकडून नदीकडे जाणारा प्रत्येक नाला व ओहोळ त्या रस्त्यास आडवा येतो. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. मोऱ्यांचा विषय निघेल तेव्हां तिचा उपयोग होईल.

मुख्य फाटे

अकोल्यास हा रस्ता सुरतेहून नागपुराकडे जाणाऱ्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गास मिळतो. तेथूनच वाशीम, हिंगोली व नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा महामार्गही निघतो. शेलूबाजार येथें नागपूर ते औरंगाबाद (हल्लींचें छत्रपती संभाजीनगर) हा जुना रस्ता यास छेदून जातो. मंगरूळपीरास एका बाजूनें कारंजा व दुसऱ्या बाजूनें वाशीम येथील रस्ते मिळतात. मानोऱ्यास उत्तरेकडून कारंजाचा, पूर्वेकडून दारव्ह्याचा व दक्षिणेच्या बाजूनें पोहरादेवीचा रस्ता येतो. दिग्रसास दारव्हा व पुसद यांना जोडणारा रस्ता लागतो. आर्णीस ३६१ क्रमांकाचा महामार्ग भेटतो. त्यानें एकीकडे यवतमाळ व नागपूर आणि दुसरीकडे नांदेड गांठतां येतें.

यांपैकीं मानोऱ्याच्या शेतकऱ्यास सर्वांत जुना परिचय कारंजाच्या वाटेचा आहे. कारंजाचा कापूस बाजार हा १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें नियमांखालीं आणला गेला, व हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची गणना होते. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी कारंजा व दारव्हा या गांवांवरून सुरू झाली. ती आज बंद पडली आहे. पण त्या काळीं मानोऱ्याच्या गाड्यांना उत्तर व पूर्व याच दिशा जवळच्या वाटत. आतां मानोरा, मंगरूळपीर, कारंजा व दिग्रस या चारही ठिकाणीं बाजार समित्या आहेत. सोयाबीन, तूर किंवा कापूस कोठें न्यावा याचा विचार ज्यास करतां येतो, त्यास भाव पारखून पाहण्याची सवड मिळते. एकच वाट असणारा शेतकरी एकाच भावास बांधला जातो. चार वाटांचा नाका गांवाजवळ असणें हें यासाठीं मोठें भाग्य समजावें.

पोहरादेवीच्या वाटेचा प्रकार निराळा आहे. बंजारा समाजाचें हें मोठें तीर्थक्षेत्र असून रामनवमीस तेथें यात्रा भरते. याच समाजाचे तांडे पूर्वीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूरच्या बाजारांस नेत; खडीचे रस्ते नव्हते तेव्हां देशाचा व्यापार त्यांच्याच वाटांनीं चाले. आतां तेथें बंजारा समाजाचें संग्रहालयही उभें राहिलें असून तें २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत उघडलें. यात्रेच्या दिवसांत या फाट्यावर गाड्यांची गर्दी असते. त्याच सुमारास ज्यांस गहू, हरभरा किंवा तूर बाजारांत न्यावयाची असेल, त्यांनीं दिवस व वेळ पाहून निघावें.

प्रांतिक महामार्ग हें नांव कोठून आलें

१९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्त्यांच्या सुधारणेचा विचार करण्यासाठीं एक समिती नेमण्यांत आली. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांचा मध्यवर्ती फंड निर्माण झाला. नंतर १९४३ च्या डिसेंबरांत नागपूर येथें सर्व प्रांतांच्या मुख्य इंजिनियरांची परिषद भरली. नागपूर ही त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. म्हणजे ही गोष्ट आपल्याच प्रांतांत घडली. त्या परिषदेनें रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असे वर्ग ठरविले. सुपीक भागांतील कोणतेंही गांव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहूं नये, असा त्यांचा हेतु होता. गांवांतून चांदणीच्या किरणांसारखे रस्ते निघावे व ते एकमेकांस जाळ्यासारखे जोडले जावे, अशी ती रचना होती. म्हणजे लांब रस्त्याइतकेंच महत्त्व त्या योजनेनें जोडांना दिलें होतें.

१९५० सालीं प्रांत जाऊन राज्यें झालीं, तेव्हां प्रांतिक महामार्गास राज्यमार्ग हें नांव मिळालें. आपला रस्ताही त्यानंतर दर्जा चढून राष्ट्रीय महामार्ग झाला. त्याचा क्रमांक १६१ अ असा आहे. २०१० सालीं देशांतील राष्ट्रीय महामार्गांस नवे क्रमांक देण्यांत आले. त्यांत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य मार्गांस विषम व दक्षिणोत्तर जाणाऱ्यांस सम आंकडा आहे. तीन आंकडी क्रमांकांतील शेवटचे दोन आंकडे मुख्य मार्गाचे असतात व पहिला आंकडा शाखेचा असतो. यावरून १६१ व ३६१ या दोन्ही ६१ क्रमांकाच्या मार्गाच्या शाखा होत, व १६१ अ ही त्यांतीलच एक पुढची शाखा होय, हें क्रमांक पाहतांच कळतें.

दर्जा बदलला म्हणजे काय बदलतें

रस्त्याचा दर्जा ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. त्याचा माथा पिवळा असल्यास राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असल्यास राज्यमार्ग, आणि नारिंगी असल्यास ग्रामीण मार्ग समजावा. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. मोरी तुंबली किंवा फाटा खचला तर अर्ज कोणाकडे करावा, हें त्या दगडावरूनच निम्मेंअर्धें ठरतें. चुकीच्या कचेरींत दिलेला अर्ज सहा महिने फिरून परत येतो, हें आम्हीं टेबलाच्या पलीकडे बसून पुष्कळ पाहिलें आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घ्यावयाची असल्यास ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानें घेतली जाते. त्याच्या ३-अ कलमाखालीं प्रथम अधिसूचना निघते व तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात. त्यांतील एक देशी भाषेंतील असतें. त्या दिवसापासून हरकत घेण्यास फक्त २१ दिवस मिळतात. पुढें ३-ड कलमाखालीं जाहीरनामा निघाला कीं ती जमीन सरकारची होते. मोबदला मान्य नसल्यास लवादाकडे जातां येतें, पण जमीन कां घेतां हा प्रश्न विचारण्याची वेळ तोंपर्यंत टळलेली असते. उलट २०१३ च्या सर्वसाधारण भूसंपादन कायद्यांत प्राथमिक अधिसूचनेवर हरकत देण्यास ६० दिवस आहेत. राज्याच्या महामार्ग कायद्यानें संपादन होत असल्यास त्यांतील मुदत निराळी असूं शकते. तात्पर्य, नोटिशीच्या मथळ्यावर कोणता कायदा व कोणतें कलम लिहिलें आहे तें आधीं वाचावें, व त्यावरून दिवस मोजावे. मोबदल्याचें प्रमाण मात्र १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गासही २०१३ च्या कायद्याप्रमाणेंच लागू आहे.

तिसरी गोष्ट फाट्याची. राष्ट्रीय महामार्गावर नवीन वाट उघडावयाची असल्यास २००२ च्या कायद्यानें परवानगी घ्यावी लागते. रस्ता राज्यमार्ग असतांना सवयीनें चालू असलेली शेताची वाट रुंदीकरणाच्या नकाशांत दाखविली नसेल, तर काम संपल्यावर तेथें खोल गटार व उंच भराव एवढेंच उरतें. शेत रस्त्यास लागून आहे, पण शेतांतून रस्त्यावर येतां येत नाहीं, अशी स्थिति होते.

रस्ता जितका मोठा तितके त्याचे फाटे कमी, हें समृद्धि महामार्गावरून चांगलें दिसतें. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग आपल्या जिल्ह्यांतून कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं उघडला व २०२५ च्या जूनमध्यें सर्व मार्ग पुरा झाला. परंतु त्यावर ठरलेल्या ठिकाणींच चढतां येतें. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर त्यावर नेतां येत नाहीं. ज्याचें शेत त्याच्या कुंपणास लागून आहे, त्यासही आधीं शेलूबाजारासारख्या ठिकाणीं जावें लागतें. तेव्हां मोठा रस्ता आला म्हणून आनंद मानण्यापूर्वीं त्याचा जवळचा फाटा कोठें आहे, हें विचारावें.

आमच्या घरची हकीकत

कागदाकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें, याचें उदाहरण दुसऱ्याचें देण्यापेक्षां घरचेंच देतों. आमच्या वडिलांची १२ एकर जमीन हमरस्त्यास लागून होती. आम्ही तिघे भाऊ. वांटणी झाली तेव्हां प्रत्येकास ४ एकर आले व रस्त्याकडील तुकडा माझ्या वांट्यास आला. सर्वांनीं माझें नशीब वाखाणलें. नोकरींतून निवृत्त झाल्यावर मीं मोजणी आणली, तेव्हां माझ्या १६० गुंठ्यांत २४ गुंठे कमी भरले. रस्ता पूर्वीं एकदां रुंद झाला होता. आमच्या बाजूस २०० मीटर लांब व १२ मीटर रुंद अशी पट्टी त्यांत गेली होती. २०० गुणिले १२ म्हणजे २४०० चौरस मीटर, अर्थात् २४ आर किंवा जवळजवळ तितकेच गुंठे. जमीन गेली, पण तिचें कमी-जास्त पत्रक झालें नाहीं, म्हणून सात-बारावर क्षेत्र पूर्वींचेंच राहिलें. त्याच कागदावरून आमची वांटणी झाली. मोबदला कोणास मिळाला कीं मिळालाच नाहीं, हें सांगणारा कागद कोणत्याही दप्तरांत सांपडला नाहीं.

तीस वर्षें लोकांचे सात-बारा लिहिणाऱ्या माणसानें स्वतःच्या शेताचा नकाशा जमिनीवर लावून पाहिला नव्हता. लाज वाटून मी तें कोणास सांगणार नव्हतों. थोरल्या दादांनींच विचारलें व ऐकून म्हणाले, "चूक कागदाची हाय, मंग तोटा एकट्या तुलेच कायले?" त्यांनीं मधल्या भावास बोलाविलें. दोघांनीं आठ-आठ गुंठे सोडले व प्रत्येकाकडे सारखे १५२ गुंठे राहतील असे धुरे सरकविले. नंतर रीतसर अर्ज करून नोंदीही दुरुस्त करून घेतल्या. आमच्या घरीं हें समजुतीनें मिटलें. पण अशाच २० किंवा २५ गुंठ्यांवरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायरीवर म्हातारे झालेले मीं पाहिले आहेत. त्यांतील दोघेही बहुधा खरेंच बोलत असतात. खोटा असतो तो जुना उतारा.

शेतकऱ्यानें काय करावें

१. रस्त्यास लागून असलेल्या शेताची मोजणी एकदां तरी करवून घ्यावी, व पूर्वीं जमीन रस्त्यांत गेली असल्यास फेरफार व कमी-जास्त पत्रक झालें आहे कीं नाहीं तें पाहावें. हें काम वांटणी, विक्री किंवा नवें संपादन यांच्या आधीं व्हावें. पूर्वीं ज्यास पटवारी म्हणत, मग तलाठी म्हणूं लागलों व हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्याकडे याची सुरुवात होते.

२. शेताच्या वाटेस कागदाचा आधार असावा. धुऱ्यावरून वाट मिळण्यासाठीं १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. चालू असलेली वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं ६ महिन्यांच्या आंत दाद मागावी. मुदत गेल्यावर तहसीलदाराची सहानुभूति उपयोगी पडत नाहीं. मिळालेल्या वाटेची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत करून घ्यावी.

३. रुंदीकरणाची संयुक्त मोजणी होते त्या दिवशीं स्वतः शेतांत हजर राहावें. विहीर, झाडें, पाइपलाइन व शेताची वाट यांची नोंद समोर करून घ्यावी. रस्त्यामुळें शेताचे दोन तुकडे होत असल्यास त्या नुकसानीचा स्वतंत्र विचार कायद्यांत सांगितला आहे, तो मागावा.

४. मोऱ्यांकडे लक्ष द्यावें. आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून रस्ता मुरूम टाकून उंच करावा लागतो. असा भराव बांधासारखें पाणी अडवितो. ओहोळ कोठून येतो हें नकाशापेक्षां शेतकऱ्यास अधिक ठाऊक असतें. तें काम सुरू होण्यापूर्वीं लेखी कळवावें. शेतांत ट्रॅक्टर नेण्यासाठीं कडेचें गटार मुरुमानें बुजवूं नये. तेथें सिमेंटची नळी घालून वर भराव करावा. नाहीं तर पाणी आपल्या शेतांत न तुंबतां शेजाऱ्याच्या तुरींत तुंबतें, व भांडण घरीं येतें.

५. फाट्यावर शिस्त पाळावी. चाकांचा चिखल डांबरावर सांडूं देऊं नये. त्यावरून मोटारसायकली घसरतात. रात्रीं गाडीच्या मागें लाल चकती किंवा दिवा असावा. सोयाबीन व तूर महामार्गावर वाळत घालूं नये.

वरील पांचांपैकीं एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाहीं. लागतो तो एक दिवस, एक अर्ज व त्याची पोंच. पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें आपला सात-बारा व नकाशा हातांत घेऊन रस्त्याकडील धुऱ्यावरून एकदां चालून यावें. कागदावरील शेत व पायांखालील शेत एकच आहे अशी खात्री झाली, म्हणजे मग रस्त्यास कोणताही क्रमांक मिळो, आपणांस काळजीचें कारण राहणार नाहीं.